महामार्गाला चाऱ्या हव्यात

कोकण रेल्वे १९९९ पासून एक वेगळी सेवा चालवते. मालाने भरलेले ट्रक कोलाडला सपाट वाघिणींवर चढवायचे आणि ड्रायव्हर-क्लीनरसकट थेट गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. ‘रो-रो’ या नावाने ती ओळखली जाते. डिझेल वाचतं, घाटातले अपघात टळतात. रेल्वेच्या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. २०२५ च्या गणेशोत्सवात खासगी मोटारींसाठीही तशीच सोय सुरू झाली. पण ही गाडी ज्या पट्ट्यातून जाते, त्याच पट्ट्यातून पनवेल ते कन्याकुमारी हा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही जातो. ट्रक रस्त्यावरून नेण्यापेक्षा रेल्वेवर लादून नेणं मालकाला परवडतं, याचा सरळ अर्थ असा की रस्त्यावर त्याचा वेळ, टायर आणि डिझेल मिळून त्याहून जास्त पैसा जातो. हा पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. कोकण मात्र तो वर्षानुवर्षं भरत आलं आहे.

रस्ते आणि आर्थिक विकास यांचं नातं सांगताना आपल्याकडे एक वाक्य व्यासपीठावरून हमखास ऐकू येतं: अमेरिका श्रीमंत आहे म्हणून तिथले रस्ते चांगले झाले असं नाही, रस्ते चांगले आहेत म्हणून अमेरिका श्रीमंत झाली. त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर फसगत होते. महामार्ग आधी पूर्ण व्हावा लागतो, मग बाराही महिने चालता राहावा लागतो आणि आजूबाजूच्या गावांना, बाजारांना, कारखान्यांना त्यावर सहज चढता-उतरता यावं लागतं. यातलं एक जरी हुकलं तरी किलोमीटर वाढत राहतात आणि माणसांच्या हातात फारसं काही पडत नाही. आपण सध्या जोरात मोजतो आहोत ते किलोमीटर, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

मुंबई-गोवा महामार्गाचं उदाहरण मुद्दाम आधी घेतलं, कारण काय काय चुकू शकतं ते सगळं एकाच रस्त्यावर पाहायला मिळतं. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. पुढचा इंदापूर ते झाराप हा लांबलचक पट्टा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेला. ठेकेदार अर्ध्यावर थांबले, भूसंपादनाचे वाद झाले, परवानग्या रखडल्या, उच्च न्यायालयात जनहित याचिका गेल्या, मंत्र्यांनी तारखा दिल्या आणि त्या उलटून गेल्या. २०२२ मध्ये परशुराम घाटातलं काम करता यावं म्हणून ऐन आंब्याच्या हंगामात महिनाभर रोज दुपारी वाहतूक बंद ठेवावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालणं तर दरवर्षीचंच झालं आहे.

सिंधुदुर्गातल्या कितीतरी चाकरमान्यांनी यावर आपला तोडगा कधीच काढला आहे. मुंबईहून निघायचं, द्रुतगती मार्गाने बोरघाट चढून पुणं गाठायचं, साताऱ्यावरून कोल्हापूर आणि मग गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबोलीचा घाट उतरून घरी. समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता सोडून सह्याद्री एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा. माणसं हौसेने असं करत नाहीत. त्या रस्त्याला किती तास लागतील हे त्यांना निघताना ठाऊक असतं, म्हणून करतात.

काम करायचंच ठरवलं तर काय होऊ शकतं, हेही याच महामार्गाने दाखवलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. महाराष्ट्र हादरला. त्या जागेचा नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. प्रत्यक्ष बांधकाम सहा महिन्यांच्या आत उरकलं होतं. म्हणजे पैसा, तंत्र, माणसं यांपैकी काहीच आपल्याकडे कमी नव्हतं. कमी होती ती निकड, आणि ती यायला माणसं वाहून जावी लागली. हे मला आजही सहन होत नाही.

रस्ता रखडल्याने नेमकं काय बुडतं? पहिलं उत्तर ‘वेळ’ असं येतं, आणि ते अपुरं आहे. देवगड-रत्नागिरीचा आंबा वाशीला निघतो तो सकाळच्या बाजाराचा हिशेब धरून. मिरकरवाड्याची मासळी बर्फात घातली की तिचं घड्याळ सुरू होतं. महाड आणि लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतींमध्ये रसायनांचे टँकर येतात, जातात; कच्चा माल वेळेत आला नाही तर पाळी बसून राहते. या सगळ्यांना उशिरापेक्षा बेभरवशाचा त्रास जास्त होतो. नऊ तास लागतात हे पक्कं असेल तर गाडी नऊ तास आधी सोडता येते. आज नऊ आणि उद्या चौदा लागणार असतील तर काहीच ठरवता येत नाही. मग कारखानदार जास्तीचा माल गोदामात भरून ठेवतो आणि त्याचं भांडवल तिथे अडकतं. गाडीवाला भाडं वाढवून सांगतो. बागायतदार लांबचा बाजार सोडून दारात आलेल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो आणि दोन पैसे कमी घेतो. कोकणातलं कोणतंही गाव घ्या, हे तिन्ही प्रकार सापडतील.

हे नुसतं कोकणी माणसाचं गाऱ्हाणं नाही, अभ्यासातूनही असंच दिसलं आहे. वाजपेयी सरकारच्या काळात दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन हाती घेतला गेला. तो झाल्यावर त्याच्या काठच्या उद्योगांचं काय झालं हे अर्थतज्ज्ञांनी तपासलं. रस्ता सुधारलेल्या शहरांतल्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा साठा कमी केला होता. उद्या माल येणार याचा विश्वास आला की महिन्याचा साठा करायची गरज उरत नाही, आणि सुटलेला पैसा यंत्रं किंवा माणसं घेण्यासाठी वापरता येतो.

जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञाचा सहभाग असलेला दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात दिल्ली-मुंबईसारखी टोकाची महानगरं बाजूला ठेवून मधल्या जिल्ह्यांतलं कारखानदारीचं उत्पादन पाहिलं गेलं. ज्या जिल्ह्यांतून चतुष्कोन गेला किंवा जे त्याच्या १० किलोमीटरच्या आत होते, तिथे उत्पादन आणि नवे कारखाने चांगलेच वाढलेले दिसले. सुरत किंवा आंध्रातलं श्रीकाकुलम यांसारख्या, म्हणजे फार दाटही नाहीत आणि फार विरळही नाहीत अशा, जिल्ह्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण १० किलोमीटरच्या पलीकडे, ५० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात, तसा ठोस परिणाम आढळला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक तुलना होती. नागपुरातून जाणारा उत्तर-दक्षिण आणि त्याला छेदणारा पूर्व-पश्चिम कॉरिडॉर याच सुमाराला आखले गेले, पण त्यांचं काम मागे पडलं. त्यांच्या काठच्या जिल्ह्यांत अशी वाढ दिसली नाही. नकाशावर रेघ ओढल्याने आणि कोनशिला बसवल्याने कारखाने येत नाहीत. पूर्ण झालेल्या रस्त्यावर येतात.

आपल्याकडे हे डोळ्यांनी पाहायचं तर पुण्याहून साताऱ्याकडे निघावं. साधारण पन्नास किलोमीटरवर, नीरा ओलांडली की शिरवळ लागतं. खंडाळा तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जायचा. महामार्ग सुधारला, पुणं तासाभरावर आलं आणि शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली. जमिनींच्या किमती, भाड्याच्या खोल्या, खाणावळी, ट्रक दुरुस्तीची गॅरेजं, सगळं बदललं. सगळंच चांगलं झालं असं म्हणणार नाही. जमीन विकून आलेला पैसा किती घरांत टिकला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण तिथल्या पोरांना कामासाठी घर सोडून मुंबईला जायची सक्ती राहिली नाही.

आता प्रश्न येतो त्या १० किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्यांचा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा वेगळा समजावून सांगायला नको. धरण भरलं, मुख्य कालवा झाला, पण चाऱ्या आणि पोटचाऱ्या झाल्याच नाहीत, तर पाणी शिवाराच्या शेजारून वाहून जातं आणि लाभक्षेत्राचा आकडा कागदावर राहतो. महामार्ग हा मुख्य कालवा आहे. जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते, सेवा रस्ते, भुयारी मार्ग, फाटे आणि तिठे या त्याच्या चाऱ्या. कालव्यावर आपण लाखो कोटी खर्च करतो आहोत आणि चारीचं काम ‘पुढच्या टप्प्यात’ टाकतो आहोत.

ही समज आपल्या पूर्वसुरींना होती. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशींवरून पेट्रोलवरच्या जादा कराचा केंद्रीय रस्ते निधी १९२९ मध्ये उभा राहिला. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही उतरंड त्या नागपूर योजनेतली आहे. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असं उद्दिष्ट तिने ठेवलं होतं. पारतंत्र्यात, महायुद्ध चालू असताना, या माणसांनी विचार सुरू केला तो गावापासून अंतर मोजून.

पुढे कारभार वाटला गेला. १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे गेले. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले रस्ते पालिकेकडे. प्रत्येकाचा निधी वेगळा, अभियंता वेगळा, मोजणी वेगळी. त्यामुळे गावरस्ता महामार्गाला जिथे येऊन मिळतो, ती जागा कोणाचीच नसते. तिथे दिवा नसतो, उतार धड नसतो, पावसाचं पाणी तुंबतं आणि वळायला जागा नसते. ऊस भरलेली ट्रॉली नेमकी तिथेच कलंडते.

आकडे पाहिले तर महामार्गांची वाढ खरीच मोठी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात राष्ट्रीय महामार्ग होते वीस हजार किलोमीटरच्या आसपास. २०१४ मध्ये ते ९१ हजारांच्या घरात गेले आणि आता १ लाख ४६ हजारांवर आहेत. यात नव्याने बांधलेले रस्ते आहेत, तसेच नुसता दर्जा बदललेले राज्य महामार्गही आहेत. २०२०-२१ या करोनाच्या वर्षात १३ हजारांहून जास्त किलोमीटर काम झालं, म्हणजे दिवसाला सुमारे ३७ किलोमीटर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची २०२५-२६ ची तरतूद २ लाख ८७ हजार कोटींची आहे. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के भरतात, पण सुमारे ४० टक्के वाहतूक त्यांच्यावरून चालते असं सरकारच सांगतं. तेव्हा या दोन टक्क्यांवर भर देण्यात गैर काही नाही. मीही या खर्चाच्या बाजूचा आहे. गरीब देशाने महामार्गांवर इतका पैसा घालू नये, हे म्हणणं मला कधीच पटलं नाही. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतची द्राक्षं मुंबई-आग्रा महामार्ग नसता तर न्हावाशेवा बंदरापर्यंत आज पोचतात तशी पोचली नसती.

पण खर्चाचा हिशेब मागायलाच हवा. भारतमाला योजनेचा पहिला टप्पा २०१७ मध्ये मंजूर झाला तेव्हा ३४,८०० किलोमीटरसाठी ५ लाख ३५ हजार कोटी रुपये धरले होते, म्हणजे किलोमीटरला साधारण १५ कोटी ३७ लाख. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात मंजूर झालेल्या कामांचा दर किलोमीटरला ३२ कोटी १७ लाखांवर गेलेला दिसला, आणि ज्या मुदतीत सगळं संपायचं होतं ती उलटल्यावरही मार्च २०२३ पर्यंत ३९ टक्क्यांच्या आसपासच लांबी पूर्ण झाली होती. मंत्रालयाचं म्हणणं असं की जास्त पदरी आणि वरच्या दर्जाचे रस्ते बांधल्याने खर्च वाढला. त्यात तथ्य असेल. पण तेच माझ्या मुद्द्याला पुष्टी देतं: जास्त पदर आणि जास्त वेग यांच्यासाठी पैसा दुप्पट होऊ शकतो, सेवा रस्त्यासाठी मात्र ग्रामपंचायतीला ठराव करून वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.

चारी नसली की भरून वाहणारा कालवाही कसा निरुपयोगी ठरतो, हे चाकणला जाऊन पाहावं. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. आजूबाजूला देशातल्या नामांकित वाहन कंपन्यांचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांचे कारखाने आहेत. महामार्ग आहेत, मागणी आहे, कामगार आहेत. आणि पाळी सुटायच्या वेळी तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, दुचाकी आणि शाळेच्या व्हॅन एकाच कोंडीत अडकून उभ्या असतात. कारखान्याच्या फाटकापासून महामार्गापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर हीच तिथली खरी अडचण आहे. सुट्या भागांच्या धंद्यात माल तासाच्या हिशेबाने पोचवायचा असतो. लहान उद्योजकाची गाडी वेळेत पोचली नाही तर दंड त्याला बसतो, चौक रुंद न करणाऱ्या खात्याला नाही. उद्योजकांच्या संघटना हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

याची दुसरी बाजू जिवाशी येते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर गेली. दोन टक्के रस्ते, ३६ टक्के मृत्यू. वेग आणि दारू ही कारणं आहेतच. पण महामार्गाने मधोमध चिरलेलं गाव आठवून पाहा. शाळा एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, वळायची सोय दोन-तीन किलोमीटर लांब. मग कोणीतरी रात्रीत दुभाजक फोडतो, शेतकरी उलट्या बाजूने दुचाकी घालतो, बायका डोक्यावर भारा घेऊन चार पदर ओलांडतात. अपघात झाला की आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. त्या माणसांनी त्यांना नाकारलेली वाट जिवावर उदार होऊन काढलेली असते. भुयारी मार्ग रस्त्याच्या आराखड्यातच हवा होता. तो ‘खर्च वाचवण्यासाठी’ गाळला गेला, आणि वाचलेला खर्च त्या गावाने आपल्या माणसांच्या रूपाने भरला. कमावता माणूस गेल्यावर त्या घराची परवड होते, मुलांची शाळा सुटते, जमीन गहाण पडते. हाही आर्थिक परिणामच आहे आणि तो विकासाच्या खात्यात वजा बाजूला लिहायला हवा.

यावर द्रुतगती मार्ग हा उपाय सांगितला जातो: ठरावीक ठिकाणीच चढायचं-उतरायचं, मध्ये कोणी आडवं येणार नाही. लांब पल्ल्याच्या वाहतुकीला तो हवाच. २००२ पासून पूर्ण चालू असलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यशस्वी ठरला, त्याचं एक कारण फारसं कोणी बोलत नाही: जुना मुंबई-पुणे महामार्ग शेजारी चालू राहिला. खोपोली, लोणावळा, तळेगावच्या माणसाला त्याची रोजची वाट राहिली आणि लांबच्या गाडीला वेगळी वाट मिळाली. समृद्धी महामार्ग राज्य सरकारचा आहे, राष्ट्रीय नाही, पण विचार तोच आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. वेगाने झाला, हे मान्य केलंच पाहिजे. मात्र त्याच्या कडेला कृषी समृद्धी नवनगरं उभी राहतील, शेतमालाची साठवण आणि प्रक्रिया तिथे होईल, असं जमिनी घेताना सांगितलं होतं. रस्ता झाला, नवनगरं त्या वेगाने पुढे गेली नाहीत. वाशीम-बुलढाण्यातल्या सोयाबीनवाल्याच्या शिवारातून गाड्या सुसाट जातात. त्याचा माल मात्र तालुक्याच्या त्याच खड्ड्यांच्या रस्त्याने बाजार समितीत जातो.

अशा वेळी पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची घाई मला समजत नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. कोल्हापूरचे शेतकरी बागायती जमिनी देणार नाही म्हणून रस्त्यावर उतरले आहेत. विरोध करणारे विकासाच्या आड येतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. ज्या टापूतून सुवर्ण चतुष्कोन आधीच जातो आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गही आहे, तिथे बारमाही पाण्याची जमीन घ्यायची असेल तर तिच्या बदल्यात नेमकं काय वाढणार हे सरकारने आधी दाखवायला हवं. आणि हा नवा रस्ता संपतो त्या पत्रादेवीला तो मिळणार आहे ६६ क्रमांकाच्या महामार्गालाच.

कोणी म्हणेल, मग महामार्ग थांबवा आणि सगळा पैसा गावरस्त्यांना द्या. तेही बरोबर नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि तिने लाखो किलोमीटरचे पक्के रस्ते दिले. तिच्या परिणामांचा एक गाजलेला अभ्यास सांगतो की रस्ता आल्यावर माणसं शेतीतून बाहेर पडून इतर कामांकडे वळली, पण गावातलं उत्पन्न, शेतीतलं उत्पादन किंवा मालमत्ता यांत मोठा फरक पडला नाही. एका टोकाला बाजार आणि काम नसेल तर नुसत्या रस्त्याने गाव श्रीमंत होत नाही. आजारी माणूस दवाखान्यात पोचतो, मुलगी हायस्कुलात जाते, हे मोठंच आहे आणि त्यासाठीही रस्ता हवाच. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही रस्ते एकमेकांना मिळाले तरच दोघांचं चीज होतं.

देखभालीबद्दल थोडक्यात. नव्या कामाचं उद्घाटन होतं, खड्डा बुजवल्याचं होत नाही, म्हणून देखभाल कायम मागे पडते. वाहनधारक मात्र पूर्ण टोल भरत राहतो. केरळात पालियेक्कराच्या टोलनाक्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वसुली थांबवली, कारण कामांमुळे आणि कोंडीमुळे तो रस्ता वापरण्याजोगा राहिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरला. हे तत्त्व देशभर लागू व्हायला हवं. प्रत्येक वेळी कोणीतरी कोर्टाची पायरी चढेल, यावर ते सोडून चालणार नाही.

मग काय करावं? नव्या महामार्गाला मंजुरी देताना दोन्ही बाजूंच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यातले जोडरस्ते, सेवा रस्ते, भुयारी मार्ग आणि बाजार समित्यांकडे जाणारे फाटे त्याच प्रकल्पाच्या खर्चात धरावेत आणि ते झाल्याशिवाय टोल सुरू करू नये. खर्च वाढेल, हे उघड आहे. त्यासाठी काही नवे मार्ग पाच-सात वर्षं उशिरा झाले तरी चालतील. आणि यशाचं माप बदलावं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोणती गाडी कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद सरकारकडे आपोआप जमा होते. गाड्यांचे नंबर न देता, दोन नाक्यांमधला सरासरी वेळ आणि तो किती खाली-वर होतो एवढं दर महिन्याला जाहीर केलं, तर कोणता महामार्ग खरोखर चालतो आणि कोणता नुसता कागदावर पूर्ण आहे, हे शेतकऱ्यालाही कळेल आणि कारखाना कुठे काढायचा ते ठरवणाऱ्यालाही. मालवाहतुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे, असं आपण कित्येक वर्षं ऐकत होतो. नीट अभ्यास केल्यावर तो आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास निघाला. मोजलं नाही की असंच होतं, आणि धोरणं अंदाजावर आखली जातात.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. आपल्या मतदारसंघाला किती किलोमीटरचे महामार्ग मिळाले हे ते प्रत्येक सभेत सांगतात. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या अधिवेशनात रस्ते मंत्रालयाला विचारावं: माझ्या भागातल्या दोन टोलनाक्यांमधलं अंतर कापायला मालाच्या ट्रकला गेल्या वर्षी किती वेळ लागत होता, यंदा किती लागतो, आणि त्या अंतरात किती गावांना महामार्गावर सुरक्षित चढता-उतरता येतं?